दोन अभ्यासक्रमांची चौकशी

आमच्याकडे स्थळ आलं की मुलाच्या घरी आधी कोणी जात नाही. आधी त्याच्या गावातल्या पिठाच्या गिरणीवर जायचं, दळणाला आल्यासारखं उभं राहायचं आणि "ते वरच्या आळीतलं घर कसं आहे हो?" असं सहज विचारायचं. माझी आत्या या कामात पटाईत होती. घरच्यांनी सांगितलेलं निम्मं सोडून द्यायचं आणि गिरणीवाल्याने सांगितलेलं सगळं धरायचं, हा तिचा नियम. माझ्या लग्नाची चौकशीसुद्धा तिनेच वळ गावाला जाऊन केली. तिचा निकाल चुकला असं मी निदान नवऱ्यासमोर तरी म्हणत नाही.

माझ्या मुलीला मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला तेव्हा मी तीच पद्धत वापरायची ठरवली. विषय क्वांटिटेटिव्ह फायनान्स. कोणी विचारलं तर मी सांगायचे, शेअर, कर्ज, विमा यांत पैसे बुडायचा धोका किती, ते गणिताने काढायचं. एक जागा चेन्नईच्या एका गणित संस्थेत, दुसरी नवी मुंबईच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात. फी दोन्हीकडे जवळजवळ सारखी, कर्ज काढावं लागणारच होतं, त्यामुळे तो विषय पहिल्याच दिवशी मिटला. उरला एकच प्रश्न, पोरीने जायचं कुठे? महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. एकीकडे हो म्हटलं की दुसरीकडची जागा गेली, आणि निवड चुकली तर तिची उमेदीची दोन वर्षं फुकट. मला तर जेवण गोड लागेना.

नवऱ्याने मात्र हात धुता धुता निकाल लावला. "नवी मुंबई. शनवारी घरी येल, नोकरी बी लागंल. इचार कसला करायचा हाय त्यात?"

तो दापोड्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. कुठला ट्रक कुठल्या दाराला लावायचा हे उभ्या उभ्या ठरवायची सवय.

"ट्रक खाली करायचाय का आपल्याला?" मी म्हटलं. "पोरीचं आयुष्य आहे ते."

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "बघू." दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी बघू. अगं बघू काय बघू! जायचं कोणाला आहे, तुला की मला?

मग मीच कंबर कसली. दोन्हीकडच्या वेबसाइट उघडल्या. दोन्हीकडे मुलं-मुली लॅपटॉप पोटाशी धरून हसत उभी. मी कामतघरच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. गणित करताना इतकं हसणारं एकही पोर मी अख्ख्या नोकरीत पाहिलेलं नाही. म्हणजे हे झाले घरचे लोक. आता गिरणीवाला शोधायला हवा होता.

नवी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या एका मुलीचा नंबर मिळाला. मी सरळ फोन लावला. ती बिचारी आधी गांगरली. अर्जदाराची आई फोन करते, असं तिच्या बाबतीत झालं नव्हतं. मग मोकळी झाली.

"काकू, नोकरी लागते. खरंच लागते. मला लागली."

"आणि गणित?"

"गणित असतं ना. सूत्रं देतात, ती कॉम्प्युटरवर चालवून घेतात. ती कुठून आली, हे विचारत बसायला वेळ नसतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दहावीच्या मुलांनासुद्धा सूत्र सिद्ध केल्याशिवाय वापरू देत नाही. त्यापायी ती मला पाठीमागे काय नावं ठेवतात तेही मला ठाऊक आहे. सूत्र कुठून आलं हे विचारायला वेळ नाही, तर मग वेळ आहे कशाला?

चेन्नईला शिकणारा मुलगा नागपूरकडचा निघाला, हिंदी-मराठी एकत्र बोलणारा. "आंटी, पहिल्या सेमिस्टरला रडू येतं. पर समझ में आता है की हो क्या रहा है." मला तो फार आवडला. नव्या मुलांनी तयारी म्हणून आधी वाचायचं पुस्तक असतं, ते त्याने पाठवून दिलं. मुलीला झेपेल का, हे आपणच बघावं म्हणून मी ते उघडलं.

आता इथे सांगायला हवं की मीही एम.एस्सी.ला होते. पहिलं वर्ष झालं, लग्न ठरलं, पुढे बी.एड. केलं आणि शाळा मिळाली. त्यात कोणी जुलूम केला नाही. त्या वेळी ते रीतसरच वाटलं.

पुस्तकातलं पहिलंच उदाहरण असं होतं. एक माणूस रस्त्यावर उभा आहे. नाणं उडवतो. छापा आला तर एक पाऊल पुढे, काटा आला तर एक पाऊल मागे. असं करत राहिला तर तो निघाला त्या जागी परत येईल का? उत्तर: नक्की येईल. मला बरं वाटलं. मग खाली विचारलं होतं, सरासरी किती वेळ लागेल? उत्तर: अनंत.

"हे काय उत्तर झालं?" मी पुस्तकालाच म्हटलं. "नक्की येतो, पण कधी ते विचारायचं नाही?"

मुलगी समोर बसून मटार सोलत होती, ती हसली. पण मला काही चैन पडेना. शाळेतून आले की चहा टाकायचा आणि टेबलाशी बसायचं, असं सुरू झालं. खालच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत असायचे, इकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि मी त्या माणसाला रस्त्यावर पुढे-मागे चालवत बसलेली. भात करपला, दूध उतू गेलं. नवरा म्हणाला, "परीक्षा पोरीची हाय का तुजी?" मी म्हटलं, "पोरीसाठीच करतेय ना!" एकदा सिद्धतेत अडकले तर मुलीने मागून वाकून बघितलं. "आई, ही बेरीज पुढे वाढतच जाते. तू मध्येच का थांबलीस?" मी तिला हटकलं, सांगू नकोस, माझं मी काढते. आणि काढलं! त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. मला फार म्हणजे फार आनंद झाला होता. हा आनंद मुलीची काळजी मिटत चालल्याचा आहे, असं मी खुशाल धरून चालले होते.

महिना संपत आला. शेवटचा शुक्रवार, लूमला सुट्टी, गल्ली गप्प. मला शाळेला रजा नव्हती, पण मी लवकर निघून आले. दोघांना समोर बसवलं आणि माझा निकाल सांगितला: चेन्नई. नुसता सांगितला नाही, पटवला. तिथे पाया पक्का होतो, डोकं चालतं, सूत्र उघडून बघायला मिळतं, असं काय काय मी बोलत होते. नवरा मध्ये मध्ये "नवी मुंबईच बरी" म्हणत होता, पण नेहमीसारखा जोर नव्हता. मी त्याला बोलूच देत नव्हते.

"आई," मुलगी म्हणाली, "मी नवी मुंबईला हो कळवलंय."

"कधी?"

"प्रवेशाचा मेल आला त्याच दिवशी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघायला लागला. "कर्जाच्या कागदावर सही कोन करनार व्हतं मग?" तो पंख्यालाच म्हणाला.

असा संताप आला म्हणून सांगू! "इतके दिवस मला खुळ्यासारखी नाचवलीत दोघांनी? मी परक्या पोरांना फोन काय करतेय, त्यांच्या मेसचं जेवण काय विचारतेय, आणि तुम्ही आपले मजा बघताय! आई म्हणजे काय करमणूक आहे का घरातली?"

मी दमले तेव्हा ती म्हणाली, "आई, मला नोकरी करायची आहे. गणित मला येतं, आवडतंही. पण दोन वर्षं त्यातच बुडून राहावं असं मला कधी वाटलं नाही. चेन्नईच्या विषयांची यादी वाचताना तुझा चेहरा कसा झाला होता, माहितेय? माझा तसा होत नाही. ती जागा चांगलीच आहे गं. पण ती तुला हवी होती."

इतके दिवस मी निवड करत होते ती कोणासाठी, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. राहिले होते ती मी एकटीच.

"मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता, पण डोळे भरून आले होते.

"रोज सांगणार होते. पण घरी आले की तू टेबलाशी बसलेली असायचीस. हाक मारली तरी तुला ऐकू जायचं नाही. मी तुला असं कधीच बघितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं, तर तू लगेच उठली असतीस."

काहीतरी काय, मी कशाला उठतेय, असं म्हणणार होते. पण पोरीशी खोटं बोलवेना. उठलेच असते. पुस्तक मिटून भाजी चिरायला घेतली असती, आणि आपण काय मिटलं ते मलाही कळलं नसतं.