पुरे म्हणेपर्यंत

दादा मला फोन करत नाही. जे सांगायचं असेल ते वहिनी सांगायच्या, त्याच्या वाटचंही. त्यामुळे त्या बुधवारी दुपारी लायब्ररीत मोबाइलवर त्याचं नाव दिसलं तेव्हा काही ऐकायच्या आधीच मी उभा राहिलो होतो. "बापू, घरी ये," तो म्हणाला. "ही बोलत नाहीये रे..." मी निगडीला पोचेपर्यंत शेजारच्या डॉक्टरांचं सांगून झालं होतं. वहिनी गिरणीतून ज्वारीचं दळण घेऊन आल्या, डबा ओट्यावर ठेवला, पाणी प्यायल्या, स्वयंपाकघरातल्या आपल्या खुर्चीवर टेकल्या आणि तिथेच गेल्या. माणसं जमली होती, कुणीतरी डबा बाजूला सरकवायला सांगितला. मी उचलला तर पीठ अजून कोमट होतं.

याला आता सात आठवडे झाले. वहिनींविषयी लिहावं असं मुक्तानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, सुचवलं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, लग्न केलं नाही, आणि या सगळ्या काळात थोरल्या भावाच्या घरी राहिलो. वहिनींनी मला कधी 'राहा' म्हटलं नाही आणि 'किती दिवस?' असंही विचारलं नाही. फक्त पहिल्याच संध्याकाळी जेवायला बसताना माझी जागा दाखवली. "भाऊजी, तुम्ही ह्यांच्या डाव्या हाताला."

त्या जागेला अर्थ होता. वहिनी परभणीकडच्या. लग्न होऊन भोसरीतल्या दोन खोल्यांत आल्या तेव्हा त्यांनी घराला एकच नियम घातला, तोही नियम म्हणून नव्हे, रीत असल्यासारखा. आपलं ताट आपण वाढून घ्यायचं नाही. आपल्या उजव्या हाताला जो बसलाय त्याला वाढायचं, आणि तो 'पुरे' म्हणेपर्यंत हात आवरायचा नाही. म्हणजे मी दादाला वाढायचो, दादा वहिनींना, वहिनी मुक्ताला आणि मुक्ता मला. फरशीवर गोल बसायचो तेव्हाही हाच क्रम, निगडीच्या फ्लॅटमध्ये चार खुर्च्यांचं टेबल आलं तेव्हाही हाच. आमची आई एकदा राजगुरुनगरजवळच्या गावाहून राहायला आली आणि पहिल्याच जेवणाला थबकली. "नवऱ्याच्या हातनं वाढून घेती व्हय गं?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हात दुखत नाहीत त्यांचे, आत्याबाई." दादा पळी हातात धरून म्हणाला, "रोज मशीनला तेल घालतो आई, बायकोला वरण घातलं तर काय बिघडलं?" आई हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या ताटात वहिनींनी वाढलं तेव्हा 'पुरे' म्हणायला तिनं बराच वेळ लावला.

नियम सोपा होता, वेळ जमवणं अवघड. दादा चाकणच्या कारखान्यात, दर आठवड्याला शिफ्ट बदलणार. मी दहा ते सहा. मुक्ताची शाळा. रविवारी संध्याकाळी वहिनी पेन्सिल घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहायच्या आणि दुधाच्या खाड्यांशेजारी पुढच्या सात दिवसांच्या जेवणाच्या वेळा लिहायच्या. दादाची पहिली शिफ्ट असली की रात्री आठ. दुसरी असली की सकाळी नऊ, कारण दुपारी कंपनीची बस त्याला घेऊन जायची. सकाळी नऊला आम्ही भाकरी, भाजी, वरण-भात असं पुरं जेवायचो, मुक्ता शाळेच्या गणवेशात. शेजारच्या काकू दारातून डोकावून विचारायच्या, "काय हो, श्राद्ध आहे का कुणाचं? भल्या सकाळी पंगत?" वहिनी म्हणायच्या, "या की बसायला. उजव्या हाताला जागा करते."

आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत नव्हती. दिवस कसा गेला, असंही कुणी विचारत नसे. पण ज्याला रोज वाढायचं त्याची भूक आपल्याला पाठ होते. दादा एका पळीत 'पुरे' म्हणाला की कारखान्यात काहीतरी बिनसलंय हे मला कळायचं. मला ताप येणार हे एकदा माझ्याआधी मुक्ताला कळलं होतं, ती तेव्हा सातवीत होती. वहिनी मात्र पहिल्या वाढीला कधीच 'पुरे' म्हणायच्या नाहीत. दादानं हात थांबवल्यासारखा केला की त्या ताटाकडे बघत म्हणायच्या, "अजून थोडं." मला वाटायचं, त्यांना वरण फार आवडतं.

मग मुक्ताची बारावी झाली. मार्क चांगले होते, दादानं तिच्या इंजिनीअरिंगची स्वप्नं कंपनीतल्या सगळ्यांना सांगून ठेवली होती. तिला मराठी घेऊन बीए करायचं होतं. फॉर्म मी भरून दिला. निवड तिची होती, पण प्रवेश होईपर्यंत बाबांना सांगू नको हे मी सुचवलं, आणि ती माझी चूक होती हे आज लिहायला हरकत नाही. कॉलेजचा मेसेज दादाच्या मोबाइलवर गेला. तो दारातूनच ओरडत आला, "पुस्तकांवरची धूळ झटकणाऱ्यानं माझ्या पोरीचं आयुष्य ठरवायचं का?" त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा थांबला. मुक्ताशी कामापुरतं, माझ्याशी तेवढंही नाही.

मी दोन-चार दिवस कॉलेजच्या कँटीनमध्येच खाऊन घरी यायला लागलो. वहिनींनी मला जिन्यात गाठलं. "भांडा की भाऊजी, नाही कोण म्हणतंय? पण ह्यांना वाढायचं कुणी? माझ्या जागेवरून माझा हात पोचत नाही." टेबल केवढं, हात न पोचायला! पण मी वर गेलो आणि माझ्या जागेवर बसलो. आठ महिने असे गेले. मी दादाला अंदाजानं वाढायचो, तो हातानं ताट झाकायचा. 'पुरे' हा शब्द त्यानं मला एकदाही दिला नाही. दुसरीकडे खोली शोधायच्या गोष्टी मी मनातल्या मनात करायला लागलो होतो. सांगवीत एक बघूनही आलो. हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण मुक्ता मला वाढते आणि मी अर्ध्यातच हात आडवा करतो हे वहिनी बघत होत्या.

एका सोमवारी वहिनींनी कारलं केलं. दादाला कारलं लहानपणापासून चालत नाही, हे आम्हा दोघा भावांइतकंच त्यांनाही माहीत होतं. दादानं ताट झाकायला हात उचलला, तेवढ्यात वहिनींनी त्याच्या एका हातात भाकरी दिली आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मी वाढलं. एक चमचा, दोन, तीन. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, मी थांबलो. त्यानं मुकाट्यानं संपवलं. मंगळवारी पुन्हा कारलं. बुधवारीही. त्या दिवशी मीही हट्टाला पेटलो होतो. आवरायचं नाही म्हणजे नाही. पाचव्या चमच्याला भाजी भातावर गेली, सहाव्याला ताटाबाहेर.

"बास की लेका! जीव घेतो का काय माझा?"

मुक्ताला ठसका लागला. वहिनी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "चला. कारल्यानं का होईना, तोंड उघडलं." दादा त्यांच्याकडे बघून म्हणाला, "तीन दिवस मुद्दाम करायलीस ना?" परभणीचं बोलणं त्याला असंच चिडवण्यापुरतं यायचं. "स्वस्त लागलं बाजारात," वहिनी म्हणाल्या. दादानं कारल्याचा ढीग एका बाजूला सारला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मराठी घेऊन पुढं काय करतात?" मी सांगायला लागलो तर मुक्ता म्हणाली, "बाबा, मला विचारा की!" सांगवीची खोली मी पुन्हा बघायला गेलो नाही. मुक्ता मात्र लग्न होऊन सांगवीलाच गेली, तिथल्या शाळेत मराठी शिकवते. ती गेली त्या संध्याकाळी वहिनींनी तिची खुर्ची उचलून बाल्कनीत नेली आणि उरलेल्या तीन जवळ ओढल्या. मला ते थोडं कठोर वाटलं. "रिकाम्या खुर्चीपुढं हात अवघडतो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ती येईल तेव्हा आणू की आत."

नियमाचं मूळ मला फार उशिरा कळलं, दोन वर्षांपूर्वी, आम्ही वाटाणे सोलत बसलो होतो तेव्हा. "आमची आई उभ्यानंच जेवायची," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं की चुलीपाशी, पातेल्यातच भाकरी मोडून. तिनं पुरे म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणणार कुणाला?" एवढंच. मग त्यांनी शेंगांची टरफलं पिशवीत भरली.

बाराव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, तेव्हा काही जाणवलं नाही. पाहुणे गेले. स्वयंपाकाला एक मावशी यायला लागल्या, सकाळीच दोन्ही वेळचं करून जातात. मी ताट घेऊन खोलीत जायला लागलो, पुस्तक उघडून. मला वाटलं, दादाला एकटं राहायचं असेल. तो म्हणायचा, "माझं झालं." कधी झालं, काय झालं, मी विचारलं नाही. मुक्ता गेल्या रविवारी आली आणि जाताना जिन्यात हळूच म्हणाली, "काका, बाबांचा शर्ट बघितला का? खांद्यावरून उतरतोय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाणी प्यायला उठलो. दादा ओट्यापाशी उभा होता. पातेल्यात भाकरी मोडून खात होता. दिवासुद्धा लावला नव्हता.

मी खोलीतलं माझं ताट आणलं, त्याच्यासाठी एक घेतलं, टेबलावर ठेवलं. "बस," म्हटलं. तो आपल्या जागेवर बसला, मी माझ्या. मी त्याला भात वाढला. दोन चमच्यांना तो 'पुरे' म्हणाला. मग त्यानं पळी उचलली, वरणात बुडवली आणि ती तशीच धरून बसला... त्याच्या उजव्या हाताला वहिनींची खुर्ची होती. एकतीस वर्षं त्याचा हात त्याच बाजूला वळत आला होता. इतके आठवडे तो टेबलाशी का बसत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याला कुणी वाढत नव्हतं म्हणून नव्हे.

भिंतीवरचं कॅलेंडर त्याच महिन्यावर आहे. दादा निवृत्त झाल्यापासून रोजची वेळ आठच होती, तरी वहिनी दर रविवारी सात वेळा आठ लिहायच्या. त्या आठवड्यातले आठ रविवारपर्यंत आहेत. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. उठलो, माझी खुर्ची बाल्कनीत मुक्ताच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली, आणि ताट घेऊन दादाच्या उजव्या हाताला बसलो.

त्यानं वर न बघता वरण घातलं. एक पळी, दुसरी. मला भातावर इतकं पातळ आवडत नाही. त्याचा हात थांबला, तो वाट बघत होता.

"अजून थोडं," मी म्हणालो.