पोर्ट्रेटसमोरचा सौदा

अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये मी जुन्या गाड्या विकायचो. नवीन आलेला मराठी इंजिनिअर पहिली गाडी माझ्याकडूनच घ्यायचा, घाम निघेपर्यंत घासाघीस करायचा आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मला 'गाडीवाले काका' अशी हाक मारायचा. अकोल्याहून आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या लॉटवर, म्हणजे गाड्या विकायच्या आवारात, गाड्या धुतल्या होत्या, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं मला काही नव्हतं. राग होता तो वेगळा. माझी मुलगी कॉलेजात चित्रकला शिकायला लागली तेव्हा एक जण श्रीखंड वाढून घेत म्हणाला, "छानच. पण काका, पुढे ती करणार काय? तुमच्या गाड्या रंगवणार?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

२००४च्या हिवाळ्यात तिला वॉशिंग्टनमधल्या एका संग्रहालयात बसून चित्राची नक्कल करायची परवानगी मिळाली. ती फार थोड्यांना मिळते, आणि त्या कामावर तिचं वर्ष अवलंबून होतं. तिने निवडलेलं चित्र एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराचं होतं. काळ्या सॅटिनच्या पोशाखातली उंच बाई, उघडे खांदे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात काढलेले हातमोजे.

"बाबा, ब्रशचा एक फटकारा शोधून दाखवा," मुलगी म्हणाली.

सापडला नाही. बॉनेटवर असं फिनिशिंग काढणारा कारागीर मला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. मुलीने सांगितलं, हयातीत या माणसाचा फार मान होता, नंतर लोकांनी त्याला 'नुसता गुळगुळीत' म्हणून बाजूला टाकला. मला त्या लोकांचाही राग आला.

येताना गाडीत तिने मला नियम वाचून दाखवले होते. नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको. दालनात विक्रीची बोलणी करायची नाहीत, केली तर परवानगी रद्द. मी "हो, हो" म्हटलं होतं.

त्या दिवशी चेहरा पुरा झाला होता, हात राहिले होते. एक वयस्कर गोरी बाई येऊन मागे बराच वेळ उभी राहिली. "किती सुंदर," ती मला म्हणाली. "ही मुलगी चित्रं विकते का?"

माझ्या डोळ्यांसमोर तो श्रीखंडवाला आला. पैसे नको होते मला, एक आकडा हवा होता, पुढच्या कार्यक्रमात बोलता बोलता सहज टाकायला. मी विचारलं, "तुम्ही काय द्याल?" तिने संकोचत एक रक्कम सांगितली. गाडीच्या पहिल्या ऑफरला हसतो तसा मी हसलो. "मॅडम, नुसत्या त्या कापडाकडे बघा." तिने रक्कम वाढवली. मी अजून मान हलवत होतो.

"बाबा, प्लीज," मुलगी मागे न वळता पुटपुटली. "बस करा ना."

"तू तुझं काम कर. मला माझं करू दे."

तेवढ्यात गार्ड आला. माझ्याच वयाचा, हळू बोलणारा कृष्णवर्णीय माणूस. "सर, इथे विक्रीची बोलणी चालत नाहीत."

मी भडकलो. "आम्ही चोर आहोत का? आमचा रंग बघून बोलताय?" हे मी त्या माणसाला विचारलं. दालनातले लोक वळून बघायला लागले, गिऱ्हाईक बाई कधीच निघून गेली होती. गार्डने वॉकीटॉकीवरून ऑफिसातल्या बाईंना बोलावून घेतलं.

त्या आल्या तशी मुलगी ब्रश ठेवून उभी राहिली. "माझ्या वडिलांना नियम माहीत नव्हता," ती म्हणाली. "सांगायचं मीच विसरले. चूक माझी आहे." मग गार्डकडे वळून, "ते जे बोलले त्याबद्दल मी माफी मागते."

ऑफिसातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला हवं होतं मी. मी चित्रातल्या हातमोज्यांकडे बघत राहिलो. परवानगी वाचली. ताकीद तिच्या नावावर लागली, आणि यापुढे तिने एकटीनेच यायचं ठरलं.

परत येताना गाडी ती चालवत होती. नदी ओलांडल्यावर मी म्हटलं, "तू मला नियम वाचून दाखवला होतास."

"आय नो."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"नाहीतर तुम्ही अजून ओरडला असतात. मग परमिट गेलंच असतं." तिने आरशात बघून लेन बदलली. "मम्मी करते तसंच केलं. लॉटवर तुमचं कोणाशी भांडण झालं की ती नंतर फोन करते ना, सॉरी म्हणायला."

"कोणाला फोन करते?"

तिने इंडिकेटर बंद केला. "सगळ्यांनाच, बाबा."

माझ्याशी कडाकडा भांडून गेलेलं गिऱ्हाईक थोड्या दिवसांनी हमखास परत यायचं. ही माझ्या सौद्याची ताकद आहे, असं मी वर्षानुवर्षं छाती पुढे काढून सांगत आलो होतो.