आत्यानं तोडलेलं सील

क्रूझवरून उतरणाऱ्या माणसाला आपल्या बॅगेला हातही लावावा लागत नाही. आदल्या रात्री ती टॅग बांधून खोलीच्या दाराबाहेर ठेवायची आणि खुशाल झोपायचं. सकाळी बॅग बंदरातल्या आमच्या हॉलमध्ये येते, तिथून माझ्या ट्रकमधून विमानतळावर, तिथून थेट विमानात. मालकाची आणि तिची गाठ पडते ती घरच्या गावातल्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापाशी. सोय फार छान आहे, फक्त माणसाचं डोकं ठिकाणावर हवं. सुट्टीच्या शेवटच्या रात्री ते नसतं. लोक भराभर सगळं कोंबून बॅग बाहेर ठेवतात आणि सकाळी उठून बघतात तर पँटसुद्धा बॅगेत गेलेली! दर फेरीला एक तरी महाभाग झोपायच्या कपड्यांत, जहाजाच्या सपाता घालून आमच्यासमोर उभा असतो.

अशांना तोंड द्यायला आमची आत्या होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनंच मला या ट्रकवर चिकटवलं, त्यामुळे मी घरीही तिच्या धाकात आणि कामावरही. तिचं काम म्हणजे टॅग तपासायचे, टॅगच्या रंगाप्रमाणे, म्हणजे एका शहराचा एक रंग, अशा बॅगांच्या रांगा लावून घ्यायच्या आणि ट्रक भरला की दाराला सील ठोकायचं. जाड तारेचं, नंबर घातलेलं सील. ते तुटणार फक्त विमानतळावर, विमान कंपनीच्या माणसासमोर. मध्येच तुटलं तर गाडीतली एकूण एक बॅग पुन्हा तपासायची, आणि तोवर विमान काही थांबत नाही.

आत्याचं सील म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचं कानातलं मशीन बॅगेत गेलं. ट्रक अजून हॉलच्या दारातच होता. त्यांची बायको हात जोडून विनवत होती. आत्या म्हणाली, "काकू, एक दिवस यांना ऐकू आलं नाही तर तुम्हालाच आराम!" सगळा हॉल हसला. ते गृहस्थ मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत, बायकोचा दंड धरून निघून गेले. माझं डोकंच फिरलं.

"दगड आहेस तू," मी म्हटलं.

"एकासाठी तोडलं की उद्या दहा जण रांग लावतील. तू गाडी चालव."

आत्याला एकच मुलगी. मी तिला ताई म्हणायचो. लग्न होऊन ती दूर परदेशात गेली, आमच्या हिरव्या टॅगच्या बॅगा जातात त्याच शहरात. आत्या तिकडे कधी गेली नाही. "मी तिकडे येऊन काय करू, बॅगा मोजू?" म्हणायची. ताईही आईवरच गेलेली, कधी कुणाकडे काही मागणार नाही. तिचा एक दिवस फोन आला. हृदयाची झडप बदलायची होती आणि डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हते. "आई, मला आत न्यायच्या आधी ये," एवढंच ती म्हणाली. आत्यानं फोन ठेवला आणि तिकिटासाठी मला हाक मारली. तिचा आवाज तसा कापलेला मी कधी ऐकला नव्हता.

तिकीट मिळालं ते हिरव्या टॅगवाल्यांच्याच विमानाचं. दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे, आणि त्याच सकाळी ऑपरेशन. त्यानंतरचं विमान धरून उपयोगच नव्हता.

दुसरी कुणी त्या दिवशी घरी बसली असती. आमची आत्या सकाळी कामावर हजर! "घरी बसून भिंती बघू का? एवढं जहाज उतरवते आणि तुझ्याच ट्रकमधून येते," म्हणाली. बॅग नवीकोरी, काळी, चाकांची, मीच आदल्या दिवशी आणून दिलेली. काम करताना वाकलं की पर्समधून पडेल म्हणून पासपोर्ट तिनं बॅगेच्या वरच्या खणात टाकला. पासपोर्ट अंगावर ठेवा म्हणून रोज लोकांवर ओरडणारी ही बाई. आता बोला!

ट्रक हमरस्त्याला लागला. आत्या शेजारी बसली होती, मांडीवर पर्स घेऊन.

"बॅग नीट ठेवलीस ना रे?"

"मी कुठे ठेवली? तूच आणणार होतीस ना?"

"भिंतीपाशी ठेवली होती. नव्हती तिथे, म्हणून मला वाटलं, तू उचललीस."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! हिरव्या रांगेच्या टोकाला एक काळी बॅग होती, बिनटॅगची. हमालानं सरकवली असणार. मी त्याच्यावरच खेकसले, ही अशी कशी आली म्हणून. आणि माझ्या हातानं टॅग बांधला."

आणि वर सीलही तिनंच ठोकलं होतं. घरातली जुनी बॅग असती तर अंधारातही ओळखली असती. नव्या बॅगेची अजून ओळखच झाली नव्हती.

मी ट्रक कडेला घेतला आणि साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, विमान कंपनीला कळवतो, पण त्यांचा माणूस कधी मोकळा होईल सांगता येत नाही. तोवर प्रवाशांची खिडकी बंद होणार आणि तो माणूस आला की बॅगा सरळ विमानात जाणार, हे आत्याला कुणी सांगायला नको होतं. पासपोर्ट आत आणि ती बाहेर. ती खाली उतरली.

"पक्कड दे."

"वेड लागलंय का? या सगळ्यांच्या बॅगा मागे राहतील."

"मला शिकवू नकोस. पक्कड दे."

"आत्या, अगं, साहेब काहीतरी..."

"माझी पोर आहे रे ती!" आत्या भर रस्त्यात ओरडली. "तिनं जन्मात एक गोष्ट मागितली माझ्याकडे. दे म्हणते ना!"

मी पक्कड आणली. मी तोडतो म्हटलं तर तिनं माझा हात झटकला. "तुला अजून नोकरी करायचीय. मी तोडलं, असंच सांगायचं." तार लवकर तुटेना. आणि बॅग अर्थातच सगळ्यात आत. आम्ही निम्मा ट्रक रस्त्यावर उतरवला आणि पुन्हा भरला. त्या गडबडीतही बाई प्रत्येक बॅग मूठ वर, टॅग बाहेर अशीच लावत होती.

विमानतळाच्या फाटकावर तिनं तुटकं सील स्वतःच पहारेकऱ्याच्या हातात दिलं. "हे मी तोडलंय. याचा काही संबंध नाही." मग बॅग ओढत प्रवाशांच्या दाराकडे पळत सुटली. आत्याला पळताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढे व्हायचं तेच झालं. गाडी अडकली, एकेक बॅग तपासणीला गेली आणि विमान बॅगांशिवाय उडालं. बॅगांचे मालक मात्र सगळे त्यात होते, आणि त्यांच्यात आत्या. साहेबांनी मला फैलावर घेतलं. आत्याला तर कामावरून काढूनच टाकलं.

तीन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी बंदरातच होतो.

"पोचलीस वेळेत?" मी विचारलं.

"पोचले. विमानात शेजारी जहाजातलीच एक बाई होती. नातवंडांना काय काय घेतलंय, सांगत होती सारखी. उतरल्यावर ती पट्ट्याशी थांबली. मला म्हणाली, माझी बॅग अजून कशी नाही आली हो? आणि मी तिच्यासमोर उभी, स्वतःची बॅग हातात धरून."

"मग?"

"येईल हं तुमची, म्हटलं. खोटं बोलले आणि निघाले."

"आणि ताई?"

"ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत हात धरला होता मी तिचा. हसली माझ्याकडे बघून. म्हणाली, आलीस. मग त्या दारातून परत आली नाही रे ती."

मला रडू आवरेना. मागे हमाल बॅगा उतरवत होते. मग आत्यानं विचारलं, "त्या बाईच्या बॅगा पोचल्या का रे?"

"पोचल्या, आत्या. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं सगळ्या पोचल्या."

"बरं झालं," ती म्हणाली.