नापास झालेला खांब

ओल्या सिमेंटचा वास आला की शीळफाट्याजवळची बाबांची साइट आठवते. बाबा सिव्हिल इंजिनियर. त्या दुपारी मी डबा घेऊन गेलेले, तर ते नवाकोरा खांब फोडून घेत होते, कारण त्याच्या काँक्रीटचे नमुने चाचणीत नापास झाले होते. तिथेच धुळीत माझ्या मॅनेजरचा फोन आला, "टेस्टिंग राहू दे गं, आजच हॉस्पिटलला देऊन टाक. चुका निघतील तशा सुधारू." औषधांचे डोस ठरवणारं, मी लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं ते. मी भांडले, आणि शेवटी हो म्हणाले. "तुमच्यात नापास कोण करतं गं?" बाबांनी विचारलं. संध्याकाळी मी ते हॉस्पिटलला देऊन टाकलं. आठवड्याभरात एका आजींना दुप्पट डोस निघाला. नर्सने वेळीच पकडला म्हणून त्या वाचल्या. आजतागायत मला कुणी जाब विचारलेला नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.