सावंतबाईंनी लावलेलं वळण

सावंतबाईंच्या वर्गात कुणीही पाऊल टाकलं की अख्खा वर्ग एका दमात उभा राहायचा, हात जोडायचा आणि सुरात म्हणायचा, "नमस्ते. आपलं स्वागत आहे." मुलुंडच्या त्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा माझंही असंच स्वागत झालं आणि मी भारावून गेले. मग खडू आणायला बाहेर जाऊन आले, तर पुन्हा सगळे उभे. डस्टर राहिला म्हणून परत गेले, परत नमस्ते. पुढच्या वेळी मी दारातच घुटमळले, तेव्हा बाई आतून म्हणाल्या, "ये गो, ये. त्येंका कंटाळो येना नाय. तुकाच इलेलो दिसता."

आमची शाळा मतिमंद मुलांची. महापालिकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एवढाच पसारा. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाला निरोप द्यायचा असा नियम होता, आणि निरोपानंतर काय, हे विचारायची पद्धत नव्हती. बाईंकडे मोठ्या मुलांचा वर्ग होता. बाई मूळच्या मालवणकडच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. एरवी शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या, पण माया किंवा राग अनावर झाला की थेट गावच्या बोलीत उतरायच्या. "वळण असलं की माणूस कुठेही खपतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. "लोक आधी वागणं बघतात, डोकं मागाहून," हे दुसरं. देणगी द्यायला आलेली बायामाणसं ते नमस्ते ऐकून डोळे पुसायची, आणि बाईंची मान ताठ व्हायची. मी तर माझ्या मावशीला मुद्दाम तो सोहळा दाखवायला घेऊन गेले होते.

मिलिंद हा त्या वर्गातला सगळ्यांत गुणी मुलगा. त्याची आई महापालिकेच्या इस्पितळात आया होती, वडील नव्हते. त्याला अठरावं संपत आलं तेव्हा बाईंनी स्वतः वणवण करून घाटकोपरच्या एका गाळ्यात त्याला काम मिळवून दिलं. तिथे बॉलपेनं जोडायची. स्प्रिंग घालायची, रिफिल घालायची, टोपण फिरवायचं. शाळेत महिनोन्‌महिने सराव करून मिलिंदचा हात असा बसला होता की बघत राहावं. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले.

थोड्याच दिवसांत मालक जयंतीभाईंचा निरोप आला, की बाईंनी येऊन मुलाला घेऊन जावं. मी बरोबर गेले. "बाई, पोरगा लय सालस आहे, हात पण चांगला चालते," ते म्हणाले, "पण इथे धंदा आहे. हे पोरगा दिवसभर उठबस करते." आम्हाला आधी कळेना. मग आत पाहिलं. गाळा म्हणजे रस्ताच, हमाल, चहावाला, माल नेणारे, सारखी ये-जा. दर माणसाला मिलिंद हातातलं पेन तसंच टाकून उठत होता, हात जोडत होता, आणि स्प्रिंगा टेबलाखाली घरंगळत होत्या. त्यावर कडी म्हणजे तिथल्या दोन पोरांनी त्याचा खेळच केला होता. दाराबाहेर जायचं, लगेच आत यायचं, पुन्हा जायचं. मिलिंद उठतोय, बसतोय, बाकीचे पोट धरून हसतायत. आम्हाला बघून त्याचा चेहरा फुलला. "बाई, मी सगळ्यांना केलं," तो म्हणाला. "एकाला पण नाय सोडलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं होतं, बाई त्या पोरांना फैलावर घेतील. पण त्यांनी मिलिंदच्या शर्टावर पडलेली शाई रुमालाने पुसायचा प्रयत्न केला, ती पुसली जाईना, मग त्याचा हात धरून बाहेर पडल्या. बस स्टॉपवर मी त्या पोरांना शिव्या घालत होते, तर म्हणाल्या, "त्येंचो काय दोष, गो? खेळणा मीच करून दिलंय त्येंका."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी स्वतःच लावलेलं वळण मोडायला घेतलं. मी पाहुणी होऊन आत यायचं आणि मुलांनी उठायचं नाही, असा धडा सुरू झाला. इतका वाईट धडा मी दुसरा पाहिला नाही. मुलं अर्धवट उठायची, बाईंकडे बघायची, आपलं काय चुकलं ते न कळून रडायला लागायची. मिलिंदला बाईंनी खुर्ची घट्ट धरून ठेवायला सांगितलं, तर तो खुर्चीसकट उठला. हसावं की रडावं कळेना. मधेच एकदा विश्वस्त पाहुणे घेऊन आले, तेव्हा निम्मा वर्ग उभा आणि निम्मा खुर्च्यांना चिकटलेला. विश्वस्त नाराज होऊन म्हणाले, "बाई, यंदा मुलांची तयारी कमी पडली." बाई म्हणाल्या, "मुलांची नाही, माझी."

त्या पाहुण्यांत एकांचा मुलुंडमध्येच लग्नाचा हॉल होता. त्यांना मिलिंद आवडला. हॉलच्या दारात फेटा बांधून उभं राहायचं, येणाऱ्याला नमस्ते करायचं, पगार आणि जेवण. शाळेत सगळ्यांना आनंद झाला. बाईंनी मात्र साफ नकार दिला. "पुन्हा शोभेलाच उभा करायचा? त्याच्या हाताला येतं ते काम मी शोधीन." आणि हॉलवाल्यांना तसं कळवूनही टाकलं.

मिलिंदची आई ड्युटीवरून तशीच, पांढऱ्या साडीत आली. बसलीसुद्धा नाही. "बाई, नोकरीला तुम्ही नाय म्हणून कळवलंत?"

"लोक हसतात हो त्याला. मीच शिकवलंय ते. मला लाज वाटते."

"तुमची लाज तुम्ही सांभाळा ना, बाई. सुट्टीच्या दिवशी मी ड्युटीवर जाते तेव्हा त्याला आत ठेवून बाहेरून कडी लावून जाते. शाळा कायमची सुटली की रोज तेच होणार. तुम्ही बघायला येणार का?"

बाईंना हे ठाऊक नव्हतं. मुलगा इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली, पण सुट्टीच्या दिवशी तो कुठे असतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. बाई खाली बघून म्हणाल्या, "न्या त्याला."

त्यानंतर बाईंचा वर्ग पार बदलला. मुलं रोजचे व्यवहार शिकायला पिठाच्या गिरणीवर, पोस्टात, भाजीवाल्याकडे जाऊ लागली. नको असेल तर "नको" म्हणायला शिकू लागली. कुणी आलं तर उठणारी उठायची, न उठणारी बसून राहायची. पण हॉलच्या बाजूने बाई कधी गेल्या नाहीत. बाजारात जाताना मुद्दाम पलीकडच्या गल्लीने वळसा घालायच्या. मिलिंदची आई भेटली तर तिच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, त्याची नाही.

पुढे माझ्या धाकट्या भावाचं लग्न नेमकं त्याच हॉलमध्ये ठरलं. आमंत्रण द्यायला गेले तेव्हा बाईंनी पत्रिका वाचून तशीच मिटली. येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. मी दारात गुलाबपाणी शिंपडत होते. शेजारी मिलिंद, डोक्यावर फेटा, मिशी फुटलेली, अंगाने भरलेला. बाईंना बघून त्याने हात जोडले. "नमस्ते. आपलं स्वागत आहे."

बाई त्याच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. त्यांनीही हात जोडले. "मिलिंदा, माझा चुकला रे," असं काहीसं पुटपुटायला लागल्या आणि त्यांना रडू फुटलं. मागे व्याह्यांकडची मंडळी खोळंबली. मिलिंदने बाईंना ओळखलं होतं, तोंडभर हसला होता. आता मात्र त्याने हलकेच त्यांच्या कोपराला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, आत जाऊन बसा. मागे लोक थांबलेत." आणि त्यांच्या खांद्यावरून बघत पुढच्या पाहुण्याला हात जोडले.

बाई निमूट आत गेल्या. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी त्यांनी मान वर केली नाही. निघताना मी त्यांना मागच्या दाराने सोडायला गेले, तेव्हा चप्पल घालता घालता म्हणाल्या, "त्येका काम करूचा होता, गो. आणि मीच वाटेत उभी रवलंय."