काळ्या स्क्रीनवरचं काम

हळद शिजवल्याचा वास आला की मला ती हार्ड डिस्क आठवते. कुरुंद्याहून एक माणूस ती हळदीनं पिवळ्या पडलेल्या फडक्यात बांधून वसमतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन आला होता. मी तिथं कामाला होतो. त्याच्या वारलेल्या आईनं म्हटलेली लग्नातली गाणी तेवढ्या एका डिस्कवर होती आणि ती आता कटकट आवाज करत होती. एकेक फाईल काढत बसलो असतो तर ती मधेच मेली असती, म्हणून मी कमांड देऊन सगळ्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, उतरवायला घेतली, मालकाला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि जेवायला गेलो. ही कमांड काम संपेपर्यंत काही दाखवत नाही, काळ्या स्क्रीनवर नुसता ठिपका लुकलुकत राहतो. बाहेर पीक विम्याच्या फॉर्मसाठी रांग लागली होती आणि फॉर्म त्याच कॉम्प्युटरवर भरायचे होते. "ह्याच्यात तर काहीच चालून न्हाई राहिलं," म्हणत मालकानं बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. ती डिस्क पुन्हा फिरलीच नाही. अर्धवट इमेजमधून एकच फाईल निघाली. तिच्यात आई विचारते, "चालू झालं का रे?" आणि आवाज तुटतो. "व्हय माय, चालू झालं," तो माणूस स्पीकरकडं बघत म्हणाला, आणि डिस्क परत फडक्यात बांधून निघून गेला. मालक आजही ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो आणि जुन्या डिस्कचा भरवसा नसतो म्हणून नवी विकतो. बटणाचं तेवढं सांगत नाही.