न गळणारी होडी

देवदाराला रंधा मारला की थंड, किंचित कडवट असा एक सुवास सुटतो. डाळ मिलची पिवळसर धूळ दिवसभर तरंगत ठेवणाऱ्या आमच्या लातूरच्या हवेत तो वास परक्या पाहुण्यासारखा वावरायचा. शिकवण्या थांबल्या, त्याच वर्षी पत्नी गेली, आणि रिकामं घर अंगावर येऊ लागलं तेव्हा मी गच्चीवरच्या पत्र्याखाली कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, बांधायला घेतली. बालपण नांदेडला गोदावरीच्या काठी सरलेलं. त्या पाण्यावरून एकदा स्वतःच्या हातच्या होडीतून जायचं, एवढाच हट्ट. बोटभर रुंदीच्या पट्ट्या एकीला एक चिकटवत, घासत, पाणी शिरू नये म्हणून त्यांवर काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिनचा लेप चढवत दोन हिवाळे गेले. दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात सर होडी करायलेत, म्हणून गल्ली हसायची. मला त्या हसण्याचंही कौतुकच वाटायचं.

होडी पुरी होत आली तसा एकच घोर लागला: गळली तर? वरचा भाग एकदा बसवला की आतली फट पुन्हा हाती लागणार नव्हती. तरंगवून पाहावी तर तेवढं पाणी लातुरात आणायचं कुठून? तेव्हा जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसानं उफराटं शहाणपण केलं. होडी पाण्यात घालता येत नव्हती, तर पाणीच होडीत घातलं. फाल्गुनातल्या त्या सकाळी टाकीतल्या उरल्यासुरल्या आठ बादल्या तिच्यात रित्या केल्या, मधाच्या रंगाच्या लाकडावर कोवळं ऊन हललं, आणि मी हरखून पाहत राहिलो.

तेवढ्यात खाली शेजारच्या महानंदाबाई घागर घेऊन दारात आल्या, म्हणून मी उतरलो. घरात सून बाळंतीण. त्या दिवशी पाचवी पुजायची होती, मायलेकरांना न्हाऊ घालायचं होतं, आणि बोअरनं नेमका त्याच पहाटे दगा दिला होता. दोन घागरी तरी मिळतील का, असं त्यांनी विचारलं.

"टाकी रिकामी झाली हो," मी म्हणालो.

शब्दशः खरंच होतं ते, आणि त्या खरेपणाच्या आड मी किती सराईतपणे उभा राहिलो! रेझिनचा वास लागलेलं पाणी बाळाला कसं द्यायचं, ही सबब मला नंतर सुचली. त्या क्षणी ती सुचलीसुद्धा नव्हती. होडीतलं पाणी दिवसभर हलवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. त्या बरं म्हणून वळल्या.

दुपारी मी होडीखाली उताणा पडून बॅटरीच्या उजेडात थेंब शोधत होतो. पलीकडच्या गच्चीवर दोरी करकरली. महानंदाबाई बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. पाणी त्यांनी तीन गल्ल्या ओलांडून आणलं होतं. पदर खांद्यापर्यंत भिजलेला होता, आणि दुपट्यांतून निथळणाऱ्या थेंबांखाली त्यांनी परात मांडली होती. मधला कठडा जेमतेम गुडघाभर. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग होडीतल्या पाण्याकडे.

"गळायलीय का, सर?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. टोमणा असता तर मी झेलला असता. परात उचलून त्या दारातल्या झाडाला पाणी घालायला खाली गेल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी होडी कलती केली. कुणाच्याच उपयोगाचं न उरलेलं ते पाणी पन्हाळीतून धो धो वाजत गल्लीत गेलं. सारी गल्ली ते ऐकते आहे असं वाटून मी आत जाऊन दार लावून घेतलं.

पुढे होडी गोदावरीवर गेली. थेंबभरही गळली नाही. घाटावरच्या लोकांनी वाहवा केली. पण वल्ह्यावरून निथळणारं पाणी पाहता पाहता मला ती परात आठवली, आणि मी अर्ध्या पात्रातूनच परतलो.

बारशाच्या घुगऱ्या महानंदाबाईंनी माझ्याकडेही धाडल्या होत्या, पितळी वाटीतून. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची रीत. पत्नी असती तर दुसऱ्याच दिवशी वाटी पोचती झाली असती. मी साखरेचा डबा उघडतो, वाटी भरतो आणि पुन्हा डब्यात रिती करतो. नळ येतो, टाकी भरते, महानंदाबाई दारात भेटल्या की नातवाचं कौतुक सांगतात. वाटीचं नावही काढत नाहीत. ती अजून माझ्या फडताळातच आहे, आणि तिच्यात काय घालून द्यावं ते मला उमगत नाही.